तिसऱ्या न्यायाधीशाची मुलगी

वडील: खरं सांग, तुला कोणी पाठवलंय?

मुलगी: बाबा! माहेरी यायला आता वॉरंट लागतं का?

वडील: टोलवाटोलवी नको. सहा-सात महिने इकडे फिरकली नाहीस. आज आलीस ती पर्सही खाली न ठेवता गर्भपाताच्या खटल्यावर घसरलीस. दोन न्यायाधीशांची तोंडं दोन दिशांना, आता सगळं माझ्या मतावर. सोमवारी निकाल. आणि तुझा नवरा वकील.

मुलगी: जमिनीच्या भांडणांचा वकील!

वडील: वकिलांचे हात लांब असतात. परवा एक जुना मित्र ‘सहज’ म्हणून आला आणि पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आत याच विषयावर आला. त्याला दार दाखवलं.

मुलगी: मलाही दाखवा. तुम्ही स्वतःच्या सावलीचीही उलटतपासणी घ्याल.

वडील: घेतोच. विचार काय विचारायचंय ते. कॉलेजात शिकवतात तेवढंच सांगेन.

मुलगी: राज्यघटनेत गर्भपाताचा हक्क लिहिलाय का?

वडील: तो शब्द नाही.

मुलगी: मग संपलंच की!

वडील: कसलं संपतंय! खासगीपणा हा शब्द तरी कुठे लिहिलाय? तरी कोर्टानं तो हक्क मानलाच. पण जगण्याचा हक्क आहे, व्यक्तिस्वातंत्र्य आहे. स्वतःचं शरीरच आपलं नसेल, तर ते स्वातंत्र्य काय चाटायचंय? हे एका बाजूचं म्हणणं, बरं का. दुसरी बाजू म्हणते, पोटातल्या जिवाचं कोणी बघायचं? सरकारनंच ना?

मुलगी: आणि नवऱ्याची सही? ती लागतेच, हा नवा नियम टिकेल?

वडील: बघ! नेमकं तिथंच बोट. सगळा खटला त्याच नियमावर अडलाय. आणि म्हणे कोणी पाठवलं नाही! कुठे आहेत जावई? खाली गाडीत बसलेत?

मुलगी: त्याला माहीत नाही मी इथे आलेय. कळता कामा नये. बाबा, मी काल डॉक्टरांकडे—

वडील: थांब.

मुलगी: मला भीती वाटतेय हो.

वडील: थांब म्हणतो ना! पुढचा शब्द काढलास तर मला या खटल्यातून बाजूला व्हावं लागेल. नवा न्यायाधीश, पुन्हा पहिल्यापासून सुनावणी. तोवर कित्येक जणींची गर्भपाताची मुदत उलटून जाईल.

मुलगी: अजून माझ्यावर संशय आहे?

वडील: तुझ्यावर नाही. आता माझ्यावर. उद्या कोणी विचारलं, हे घटनेसाठी लिहिलं की पोरीसाठी, तर काय तोंड दाखवू?

मुलगी: लिहून झालंय?

वडील: झालंय. सहीसकट कपाटात आहे. त्यात काना-मात्राही बदलणार नाही.

मुलगी: काय लिहिलंय?

वडील: ते सोमवारी. सगळ्यांबरोबर.

मुलगी: बरं. मग मी काही बोललेच नाही. सोमवारी बोलेन. तोवर इथे राहू?

वडील: विचारतेस काय, वेडे!

मुलगी: तो शोधत येईल. तुमच्यासमोर गोड गोड बोलेल, चल गं, घरी सगळे वाट बघतायत. आणि तुम्हीही म्हणाल, जा बाळ.

वडील: तुझ्या खोलीला आतून कडी आहे. तुला वाटेल तेव्हाच काढ.