त्रो वाजण्याआधी

— नाही आजोबा, ताप नाही. ताप असता तर तुमच्या घराची शिडी चढले नसते, आरोग्य केंद्रात गेले असते. गेलेच होते म्हणा, दोनदा. तिथली बाई म्हणाली, बाळ रुमदुल ठणठणीत आहे, तुम्हीच जरा झोप काढा. पण ही झोपेत हसते हो. चार महिन्यांचं पोर हसणारच — शाळेत मीच शिकवते असलं सगळं. सासूबाई म्हणतात, मागच्या जन्मीची आई येऊन खेळवते, आणि न्यायला बघते. माझा विश्वास नाही. हे नैवेद्याचं, केळीच्या खोडाचं तबक मात्र पहाटे उठून मीच केलंय, तेही दोनदा — पहिलं वाकडं झालं म्हणून.

हसू दे, एक वेळ चालेल. पण चार दिवस झाले, अंगावर धड पीत नाही. तोंड फिरवते आणि माझ्या खांद्यामागे बघते. तिथे काही नसतं, मी वळून बघते ना — दर वेळी बघते. तुम्ही त्रो वाजवून त्या आईला बोलावता, समजावून परत पाठवता म्हणे. लावा तारा, सावकाश लावा. आमच्या लग्नात तुम्हीच वाजवला होतात — गज जागच्या जागी आणि अख्खा त्रोच वळवत होतात, मला हसू आवरेना.

काय म्हणायचं? तीनदा? ‘मी ही मुलगी कुणाला दिली नव्हती.’ एवढंच ना. मी ही मुलगी — थांबा, हिला या खांद्यावर घेते. मी ही मुलगी कुणाला —

चार दिवसांपूर्वी, भर दुपार होती, आजोबा. नवरा नोम पेन्हला कामावर, सासूबाई विहारात, आणि ही सकाळपासून रडतेय. वह्यांचा ढीग तसाच. मी हिला चटईवर टाकलं आणि म्हटलं, जा तुझ्या पहिल्या आईकडे, ने म्हणावं. गमतीत नाही म्हटलं. तर ही गप्पच झाली. तिथल्या तिथे. आणि मला — हे घरी कुणाला सांगितलं नाही — मला बरं वाटलं. पाच वह्या तपासून झाल्या माझ्या, मग हिच्याकडे बघितलं.

खाली ठेवू नका तो त्रो. ती शपथ तीनदा घेतल्याशिवाय तुम्ही वाजवत नाही, ठाऊक आहे मला. मग खरं तेच सांगा त्या आईला. म्हणावं, दिली होती. दिली होती, आणि आज परत मागायला आलीय. माझ्याकडे नका बघू, आजोबा. वाजवा.