काठाला चिकटणारा हंडा

धुळ्याच्या स्टँडवर दोंडाईच्याच्या गाडीच्या रांगेत वच्छलाबाईंच्या पुढे दोन व्याही उभे होते. दोघांच्या मध्ये लग्नात दिलेला स्टीलचा हंडा होता. मुलाचे वडील रुपचंदनाना जुन्या रेडिओतलं लोहचुंबक त्यावरून फिरवत होते.

“पाहा कौतिकभाऊ, बुडाला चिकटत नाही आणि काठाला चिकटतं. म्हणजे काठ खोटा शे.”

“नाना, आत्ताच कॉलेजात हंडा दाखवला तेव्हा सरांनी सांगितलं ना! बुडापासून काठापर्यंत स्टील बठ्ठं एकच. काठ वळवताना दाब बसतो, तिथली आतल्या कणांची मांडणी बिघडते, म्हणून चुंबक धरतं.”

“म्हणजे मार खाल्ला की चिकटतं?”

“तसंच समजा. पण हंड्यापायी माझी मंदा माहेरी बसली, तिला आता घेऊन जा.”

“बुडाला मार द्या. चिकटलं तर उद्याच नेतो.”

“इथं कशानं मारू?”

“अक्का, पिशवीत वरवंटा दिसतोय तुमच्या?”

वच्छलाबाईंनी नवाकोरा वरवंटा काढून दिला.

“हाणा कौतिकभाऊ! अजून! लेकीसाठी हाणताय, हात आखडू नका!”

“लावा आता चुंबक.”

“थांबा... धरलं भो! थोडं, पण धरलं! सर खरं बोलले.”

“मग उद्या येताय ना न्यायला?”

“येतो की. शब्द म्हणजे शब्द. फक्त हंडा दुसरा द्या.”

“आता काय झालं?”

“बुडाला किती पोचे पडलेत, पाहा ना! असला हंडा कोणी लेकीला देतं का?”