अर्धे मार्क वळूचे

प्रतिमाकाकूंच्या नातीचं ऑस्टिनला बारसं झालं, त्या वर्षीची गोष्ट. काकू गुडघा दाखवायला तिथल्याच हाडांच्या डॉक्टरकडे बसल्या होत्या. शेजारीच मायलेकाची मराठीतून जुंपली, तसे काकूंनी कान टवकारले.

“कुश, त्याच वळूनं मागे तुझा कॉलरबोन मोडला. तुझा मित्र कोडी तर जिवानिशी गेला. तरी परत वळूच्या पाठीवर बसायचं?”

“आई, डॉक्टर हो म्हणाले तर शनिवारी बसणार. पण मागच्या रोडिओच्या स्पर्धेआधी तू वळूला काय खायला घातलंस?”

“पुरणपोळ्या. तूप लावून.”

“ओ माय गॉड! मालकानं आत कसं सोडलं?”

“दोन त्यालाही दिल्या.”

“वळू शेळीसारखा चालला, आई! अर्धे मार्क त्याच्या उड्यांचे असतात. लागतात ते आठ सेकंद पाठीवर बसूनही मी लास्ट आलो!”

“चालत घरी आलास ना?”

“दॅट्स नॉट द पॉइंट! शनिवारी पुन्हा तोच वळू आहे.”

“माहीत आहे. डाळ आणून ठेवलीय.”

कुश आजही धडधाकट आहे. मेला तो वळू, पुढच्या दिवाळीच्या पाडव्याला, आपल्या कुरणात, म्हातारपणानं.