एक कुंडी, एक नळ

— नाही नाही, बोलू नका, जीभ हलली की कापूस सरकतो. तर काय सांगत होतो — गोगलगाय. कुंडीतून निघते, नळापर्यंत पोचते, संपला गेम. एवढंच! पोरगी आठ वर्षांची होती तेव्हा. तापानं पडलेली, खिडकीतून दिवसभर अंगणातल्या गोगलगायीवर नजर. आणि मी दीडशहाणा, कुंडी उचलून उन्हात ठेवली. गोगलगाय गायब. पोरगी ढसाढसा — बाबा, ती नळापर्यंत पोचणार होती! म्हटलं, रडू नको, तुला कॉम्प्युटरवर गेम करून देतो, त्यात पोचेल. आठ दिवसांत. मी दातांचा डॉक्टर, मला काय येतंय, पण पुस्तकं आणून शिकलो. एक ते तीन दवाखाना बंद असतो, तेव्हा बसायचो. किती दिवस झाले? नऊ वर्षं. भुवया खाली घ्या, कपाळ हललं की जबडा हलतो.

नियम केला होता हो! हा बघा, दिव्यालाच चिकटवलाय, तुमच्या डोळ्यांसमोर — एक कुंडी, एक नळ, एक गोगलगाय. बायकोचं अक्षर आहे. नवीन काही सुचलं की लगेच करायचं नाही, त्याचा केसपेपर काढायचा, पुढची तारीख द्यायची, आणि दुखत नसेल तर हात लावायचा नाही. फुलपाखरू सुचलं — केसपेपर. पाऊस — केसपेपर. गोगलगायीची सासू — हो, सुचली होती, तिलाही तारीख दिली, अजून आलेली नाही. घोळ एकदाच झाला. बायको बाहेर नंबर पुकारते ना, तिच्या गठ्ठ्यात माझा पेपर गेला आणि तिनं पुकारलं, "फुलपाखरू, आत या!" एक आजोबा उठून आले की आत! दोन तास बसले होते, म्हणाले, कुणाच्याही नावानं का होईना, पण दात काढा.

मग बिघडलं कुठं? नळात. नुसता नळ काढला तर खोटा वाटतो, म्हणून एक थेंब टाकला. एकच! पण थेंब आला की पाणी आलं, पाणी आलं की टाकी आली, टाकी कोण भरणार? पाणीखातं. खात्याला अधिकारी नको? त्याची सही झाल्याशिवाय पाणी सुटत नाही — बरोबर केलंय ना? अहो, इतका हुबेहूब केला की तो रजेवर गेला. मी नाही पाठवला! स्वभाव दिला, शिल्लक रजा दिली — गेला. चौदा महिने झाले. टाकी कोरडी, नळ कोरडा, आणि गोगलगाय कुंडीच्या काठावर शिंगं बाहेर काढून बसलीय. आणि आज तुमचा केसपेपर बघतो तर काय, व्यवसाय — पाणीपुरवठा अधिकारी! म्हटलं, देव पावला. म्हणून विचारतोय, अधिकारी रजेवर असला तर सही कोण करतं? बोटांनी सांगा. एक बोट म्हणजे उपअधिकारी, दोन म्हणजे हेडक्लार्क... मूठ? मूठ म्हणजे कोण? अच्छा, रागावलात. दाढ होय? दाढ तर साडेतीनलाच भरून झाली. आता पावणेपाच.

पावणेपाच! बाहेर बाकावर निळी बॅग घेऊन बसलेली मुलगी बघितलीत येताना? तीच. साडेपाचची गाडी आहे. शिकायला चालली, चार वर्षं. जायच्या आधी दाखवतो म्हणून शब्द दिलाय मी. सकाळी म्हणाली, "बाबा, राहू दे." हे "राहू दे" फार वाईट असतं हो, रडली असती तर बरं वाटलं असतं. बायको म्हणते, दाढ अर्ध्या तासात उरकता, मग हिलाच नऊ वर्षं कशी? म्हटलं, दाढवाला कळवळतो, गोगलगाय कुठं कळवळते! आणि खरं सांगू का — पोरगी रोज शाळेतून येऊन या स्टुलावर बसायची, "निघाली का, बाबा?" विचारायची. गेम संपला असता तर कशाला येऊन बसली असती? बायकोला हे कळलं तर म्हणेल, गोगलगाय नि पोटात पाय. तुम्ही विसरा हो, मी काही बोललो नाही.

बरं, कापूस काढतो, बोला. सही कोण — काय? पुन्हा म्हणा. नळाला पाणी नसतंच? तुमच्या स्वतःच्या घरी चार दिवस नाही? पण नळ... नळ आहे जागेवर. हो. असणारच. अहो, कोरड्या नळापर्यंतसुद्धा पोचता येतं की! थांबा, हा ट्रे धरा, लॅपटॉप घेतो. अधिकारी काढला. मुळासकट! दुखलं नाही काही. टाकी काढली. खातं काढलं — तुमचं नाही हो, तुमचं आहे तिथंच आहे. थेंब काढला. निघाली! साहेब, निघाली ती! अगं ए, आत ये! बॅग राहू दे बाहेर, आई बघेल. बस स्टुलावर. हे बटण, दाबून धर. सोडू नको. उतरली बघ कुंडीवरून... फरशी... आता भिंत... हळूच जाणार, गोगलगाय आहे ती...

पोचली. चाळीस सेकंद लागले, साहेब. आणि तू काय गं, हसतेस का रडतेस? मी? माझं काही नाही, औषधाची वाफ लागते डोळ्यांना. ऊठ आता, गाडी चुकेल. अगं जा! पोचलीस की फोन कर.

गेली. छान झालं. संपला एकदाचा गेम. एक कुंडी, एक नळ, एक... साहेब, पण नळावरून ती परत कुंडीत कशी यायची हो? नाही, जास्त काही नाही, एक परतीची वाट फक्त. मध्ये मोरी लागेल. सांडपाणी तुमच्याच खात्यात येतं ना? कुठं निघालात? बसा. आ करा.