उशीवर एकही नाही

पार्लरमध्ये माझा नंबर यायचा होता. शेजारच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. कॅन्सरच्या उपचारांनंतर नव्याने आलेले, बोटभर केस. मागे त्यांची मुलगी उभी होती. पार्लरवालीने केसांतून बोटं फिरवली.

"काडीसारखे कडक झालेत हो केस. काय लावता काकूंना?"

"प्रोटीनचा मास्क. दिवसाआड."

"दिवसाआड? अहो ताई, महिन्यातून एकदा पुरे!"

"मजबूत व्हायला हवेत ना. पुन्हा गेले तर?"

"प्रोटीन जास्त नि ओलावा कमी झाला की केस उलट तुटतात. काकू, एक केस द्या, ओला करून ताणून बघते."

"हात लावायचा नाही! तेव्हाही डॉक्टर असंच म्हणाले होते, एक साधी तपासणी."

"आई, हळू बोल. हा घ्या, आईचाच आहे. पर्समध्ये होता."

"बघा, जरासुद्धा ताणला नाही, तट्‌कन तुटला. हा कोरडेपणा आहे, काकू. घाबरू नका. मास्क बंद करा, साधं कंडिशनर लावा."

"ते राहू दे. माझा केस हिच्या पर्समध्ये कसा?"

"अगं, डॉक्टरांना दाखवायला ठेवला होता."

"पण आला कुठून? उठल्याउठल्या उशीकडे बघायचा मला धीर होत नाही. आंघोळ करून येते, मग बघते. एकही केस नसतो. त्याच भरवशावर आहे मी."

"आई, ऐक ना..."

"म्हणून मी आंघोळीला गेले की तू धावत माझं अंथरूण आवरायला येतेस होय गं?"