पोरगी कुंवार ठेवा

घ्या गं बायांनो, चहा घ्या आन ऐका. परतुरात एक किसन होता, रखमा त्याची बायको, आन त्यांची एकुलती लेक गोदा म्हंजी मीच. माझं लगीन आठ दिवसांवर आल्तं, आन पुऱ्या तळताना तेल उडून माझा गाल भाजला.

बानं मला हकीमसाहेबाकडं नेलं. गाल बघून ते म्हणले, "घबराव नक्को. गाल पो घीकुंवार रखो."

बा पांढराफटक पडून घरी आला. "रखमे, हकीम म्हणतो, गालाला घी लावा आन पोरगी कुंवार ठेवा. लगीन करूच नका!"

आईच्या हातातली परात खाली पडली. "आरं देवा! येवढ्याशा फोडासाठी जन्मभर कुंवार?" मीबी गळा काढला. बानं तर सोयऱ्यांना नको सांगायला जायचं म्हणून पायात जोडा घातल्ता.

गलका ऐकून शेजारची फातिमाबी धावत आली. सगळं ऐकून तिनं कपाळच बडवलं. "किसनभाई, पैले जोडा उतारो!" नजर लागू न्हाई म्हणून आमच्याच दाराला टांगलेली कोरफड तिनं ओढून काढली आन बाच्या नाकापुढं धरली. "इसीच कू घीकुंवार बोलते!"

तिचा थंडगार गर रोज गालाला लावला. लगीन बराबर ठरल्या दिवशी लागलं. पुढं मला चार लेकी झाल्या, चारी चांगल्या घरी नांदायला गेल्या. आता माझ्या घरात कुंवार म्हणाल, तर दाराला टांगलेली तेवढीच.