द्वारकाबाईंचं ‘नको’

मंडळी, ऐका. मी कीर्तनाला उभी राहायच्या आधीच या पुढं बसलेल्या यमूताईंनी माझ्या कानाशी तक्रार केली. काय, तर सुनेला मन कळत नाही, सगळं तोंडानं सांगावं लागतं! बरं. मग मी विचारते – दुसऱ्याचं मन ओळखणं हा धर्म, की त्याच्या शब्दाला मान देणं?

कुरुंदवाडच्या द्वारकाबाई. मुलगा हॉलंडला, सून तिथलीच – आनेके. नवऱ्याकडून मराठी शिकलेली. सासूबाई पहिल्यांदा तिकडं घरी आल्या, म्हणून तिनं हौसेनं पिठलं-भात केला. विचारलं, आई, आणखी वाढू? द्वारकाबाई म्हणाल्या, नको, पुरे. आणि सुनेनं पातेलं उचललं – थेट फ्रिजमध्ये!

आता सांगा, आपल्यात पहिलं नको कशाचं? रीतीचं! दुसरं लाजेचं. तिसऱ्याला कुठं पोट बोलतं. हसता काय, तुम्हीही याच पंक्तीतले! पण तिकडं पहिलंच नको शेवटचं. रोज तेच. द्वारकाबाईंच्या पोटात कावळे आणि नाकावर राग. शेवटी मुलाला म्हणाल्या, माझं तिकीट काढ, इथं मला कुणी विचारत नाही.

सून समोर येऊन बसली, डोळ्यांत पाणी. माझं काय चुकलं, म्हणाली.

“एकदाच विचारतेस गं. आग्रह म्हणून नाही.”

“तुम्ही नको म्हणालात, आई. पुन्हा विचारलं, तर तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही, असं होईल ना?”

द्वारकाबाईंना आपलं जुनं नको आठवलं – शाळा सोडवून बोहल्यावर उभं करताना म्हटलेलं. तेव्हा घरचे हसले होते, पोरगी लाजते म्हणून. साऱ्या जन्मात त्यांचं नको खरं मानणारी ही पहिलीच – आणि तिच्यावरच रुसून त्या निघालेल्या!

त्यांनी ताट पुढं केलं.

“वाढ. भूक लागलीय.”

सुनेनं वाढलं. सासूनं परत मागितलं, तिनं परत वाढलं. मग सून आपली शहाणी झाली – न विचारताच भात घेऊन आली. द्वारकाबाई म्हणाल्या, नको. बिचारीचा भाताचा डाव हवेतच! हे नको रीतीचं, की पोटाचं? द्वारकाबाईंना हसता हसता ठसका लागला. तिकीट राहिलं बाजूला.

तेव्हा मंडळी, सुनेनं एकदा जास्त विचारावं, सासूनं एकदा खरं बोलावं. मागताना मान वाकत नाही ना? तिथंच अहंकार बसलाय. देवापुढं तरी दुसरं काय वाकवायचं असतं?

यमूताई, पदरात तोंड लपवू नका, निकाल ऐका. मन तुम्ही कुलपात ठेवलंत आणि किल्ली सुनेकडं मागताय. आज घरी जा, ताट पुढं करा, आणि तोंडानं म्हणा – वाढ.